दोन तारे, तीन तारे

प्रश्न : मुलगा नुकताच लेफ्टनंट झाला. त्याच्या युनिटमध्ये गेलो, तेव्हा समोरून आलेल्या कॅप्टनना त्याने सॅल्यूट केला. दुसऱ्या लेफ्टनंटशी मात्र हात मिळवून नुसतं 'सर' म्हणाला. असं का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, खांद्यावर दोन तारे असलेल्याने तीन तारेवाल्याला सॅल्यूट करायचा, हे सरळच आहे. हुद्दा सारखा असला तरी ज्येष्ठता राहतेच. डेहराडूनच्या आयएमएतून, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीतून, जून आणि डिसेंबरमध्ये तुकड्या बाहेर पडतात. सहा महिने आधी कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालेला तोही 'सर'! मला तेव्हा हे जरा अतीच वाटायचं, पण अंगवळणी पडलं. कोर्समेट, म्हणजे आपल्याच तुकडीतला असेल तर मग काय, शिवीनेच रामराम. आणखी एक, डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलत नाहीत. सावधान होऊन 'गुड मॉर्निंग, सर' म्हणायचं.

तिथे पिकल्या मिशांचे सुभेदारही तुमच्या पोराला सॅल्यूट करतील. अवघडू नका, तो कमिशनचा मान आहे. पोरगा उलट सॅल्यूट नीट करतो ना आणि त्यांना 'साहेब' म्हणतो ना, तेवढं बघा.