वडिलांना पॅरालिसिस झालाय, रोबोट आणि एआरच्या व्यायामांसाठी कर्ज काढावं का?

तुम्ही निपाणीचे. दीड महिन्यापूर्वी वडिलांची उजवी बाजू गेली, शब्द नीट फुटत नाहीत, आणि बेळगावात रोबोट व एआरचं (ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यात नसलेल्या वस्तू दाखवणारं तंत्र) पॅकेज सांगितलंय. मी खानापूर तालुक्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. माझं मत स्पष्ट आहे: हातासाठी कर्ज काढू नका. पायासाठी मात्र विचार करा, आणि तो लवकर करा.

मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. उरलेले भाग त्याची कामं शिकतात, त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते. २००९ च्या एका पाहणीत, अमेरिका-कॅनडातसुद्धा, एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२च भरल्या होत्या. रोबोट थकत नाही, हात अडेल तिथे आधार देतो. एआरमध्ये आपल्याच टेबलावर नसलेला पेला दिसतो. तो उचलताना हात कुठे चुकला ते लगेच कळतं, कंटाळाही कमी येतो.

तरीही ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या रॅटल्स चाचणीत (‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, २०१९) रोबोटमुळे हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारलं नाही. चालण्याचं वेगळं आहे. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना चालताच येत नाही, त्यांना फिजिओथेरपीच्या जोडीला चालण्याचा सराव करून घेणारं यंत्र मिळालं तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते. म्हणजे वडिलांना अजून चालता येत नसेल, तर तुमच्या हातात दीडच महिना आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी. यंत्र इंग्रजीत बोलतं, थेरपिस्ट कन्नडमध्ये, आणि वडिलांना मराठीच कळते. उजवी बाजू जाते तेव्हा मार डाव्या मेंदूला असतो, आणि भाषा बहुतेकांची तिथेच असते. सूचना समजली नाही की ‘पेशंट साथ देत नाही’ असा शेरा पडतो. याचा मला फार राग येतो. पैसे भरण्याआधी एक सत्र बघायला मागा, स्वतः शेजारी बसा, प्रत्येक हालचाल हाताने करून दाखवायला सांगा.

हात थोडा हलत असेल तर भुईमुगाच्या शेंगा एका ताटातून दुसऱ्यात, रोज, मोजून. अजिबात हलत नसेल तर दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा धरा. त्यात डाव्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करू दे. आणि उठवताना लुळा हात कधीच ओढू नका, खांदा निखळतो.

बोटं जराशी तरी मिटतात का, आणि धरून उभं केलं तर पाय भार घेतो का, एवढं लिहा. पुढचे व्यायाम त्यावरून सांगते.