त्याची सबब तू देऊ नकोस

प्रिय मित्रा,

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची गाणी वाजवायची की सोडून द्यायची, असे तू विचारले आहेस. पण निम्मे पत्र त्याच्या वतीने सबबी शोधण्यात खर्ची घातले आहेस, म्हणून आधी त्या सबबींविषयी लिहितो. 5 ऑगस्ट 1976 रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ओडियन सभागृहात, भर कार्यक्रमात, त्याने श्रोत्यांतल्या परदेशी लोकांना हात वर करायला सांगितले, देश सोडून जाण्यास सुनावले आणि राजकारणी इनॉक पॉवेल यांना पाठिंबा देण्याचे आवाहन केले. स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण पॉवेल यांनी 1968 मध्ये याच शहरात केले होते. तेव्हा रोख कोणावर होता, हे तिथे कोणाला फोड करून सांगावे लागले नसेल.

तो प्यायलेला होता, हे मान्य. पण 1987 मध्ये दारू सुटल्यानंतरही, 2004 च्या एका मुलाखतीत तो पॉवेल यांना धाडसीच म्हणत होता. 2018 मध्ये त्याने आपल्याला लाज वाटते असे सांगितले, ते त्याचे त्याने सांगितले. तुझे वकीलपत्र त्याने मागितलेले नाही. सबब द्यायची तर त्याला देऊ दे.

मला खरा संताप येतो तो कृतघ्नपणाचा. रॉबर्ट जॉन्सन आणि मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-वादकांच्या ब्लूज संगीतावर हा माणूस घडला, आणि 1974 मध्ये जमैकाच्या बॉब मार्लीचे ‘आय शॉट द शेरीफ’ गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. छायाचित्रकार रेड साँडर्स आणि त्याच्या मित्रांनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहून नेमके याच गाण्यावरून त्याला टोचले, आणि त्या पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशवादविरोधी चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 रोजी ट्रॅफल्गर चौकातून निघालेला तिचा मोर्चा लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला, तेव्हा तिथे वाजवणाऱ्यांत ‘द क्लॅश’ या पंक बँडबरोबर ‘स्टील पल्स’ हा कृष्णवर्णीयांचा रेगे बँडही होता, तोही बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थमधला. सबबी शोधण्यापेक्षा त्यांचे वादन ऐकले असतेस तर बरे झाले असते.

मी स्वतः क्लॅप्टन आजही शिकवतो आणि शिकवताना हे सारे सांगतो. गिटारच्या वर्गात राजकारण कशाला, असे म्हणत काही चांगले हात माझ्याकडून निघून गेले. त्याची हळहळ आहे, पण त्यांना थांबवण्यासाठी मी गप्प बसलो नाही आणि बसणारही नाही. हट्टी म्हण हवे तर.

तेव्हा ‘आय शॉट द शेरीफ’ बेलाशक वाजव, तुझा हात त्यात सुरेख बसला आहे. मात्र वाजवण्याआधी मार्लीचे नाव घे, आणि कोणी बर्मिंगहॅमचा विषय काढलाच तर घडले तसे सांग. ‘त्या काळी सगळेच तसे बोलत’ हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नकोस.

सप्रेम आशीर्वाद.