युद्धात बोटीबरोबर बुडालेल्या कोकणी खलाशाचं मूळ गाव कसं शोधायचं?

प्रश्नात तुम्ही दिलेली माहिती अशी: पणजोबा मालवाहू बोटीवर डेकवरचे टंडेल (सारंगाच्या हाताखालचा मुकादम) होते, 1942 साली बोट टॉर्पेडोने बुडाली, ते परत आले नाहीत. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव सापडलं, पुढे ‘अमक्याचा मुलगा, रत्नागिरी’ एवढंच. कुटुंब कधीपासून डोंगरीत, आडनाव नंतर लावलेलं, गाव कुणालाच सांगता येत नाही.

एवढ्यावरून गाव निघू शकतं. मात्र शोध नावाच्या मागे नको, जहाजाच्या मागे हवा.

भरती करणारा कारकून खलाशाचं नाव आणि बापाचं नाव लिहून मोकळा व्हायचा. परकार, सोलकर, मुकादम, खोत, पावसकर ही आडनावं तिथेच गळाली. त्यामुळे ‘हसन इब्राहिम’सारखी नावं कमिशनच्या यादीत पुन्हा पुन्हा येतात आणि त्यातला आपला कोण हे नावावरून ठरत नाही. उलट डेकवरची माणसं गोळा करायचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. तो आपल्या भावकीतली, आपल्या आणि शेजारच्या गावांतली पोरं आणायचा. बंदरावर उभा असलेला कुणीही उचलला असं सहसा होत नसे. म्हणून त्याच बोटीवरच्या चारपाच डेकवाल्यांच्या नोंदीत गाव लिहिलेलं मिळालं, तर तुमच्या पणजोबांचं गाव बहुधा तेच किंवा एका खाडीच्या अंतरावरचं.

सुरुवात कमिशनच्याच संकेतस्थळापासून करा. नोंदीतली तीन माहिती आधी वहीत उतरवा: जहाजाचं नाव, त्यापुढे कंसात असलेलं नोंदणीचं बंदर (लंडन, ग्लासगो वगैरे) आणि मृत्यूची तारीख. कंसातलं बंदर लोक सोडून देतात आणि तिथेच घोळ होतो. एकाच नावाची दोन जहाजं त्या काळात सर्रास असत, ती वेगळी करायला बंदरच कामी येतं. आता पणजोबांचं नाव न टाकता फक्त मृत्यूची तारीख आणि स्मारकाचं नाव टाकून शोधा. स्मारक म्हणजे ‘बॉम्बे/चितगाव 1939-1945’. त्या दिवशी त्या जहाजावर गेलेले जवळपास सगळे हिंदी खलाशी एकत्र दिसतील. यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते, ती घ्या. मग हुद्द्याप्रमाणे लावा: सारंग, टंडेल, सुकाणी, कसाब (कोठारवाला), लष्कर (साधा खलाशी), भंडारी (स्वयंपाकी) हे डेकवाले एका बाजूला, आगवाला, कोलवाला, तेलवाला हे इंजिनातले वेगळे, बटलर, पँट्रीमन, बॉय हे सलूनचे, म्हणजे जेवणखाण सांभाळणाऱ्या खात्याचे, तिसरे. हे वेगळं करणं महत्त्वाचं, कारण तिन्ही खात्यांची माणसं वेगवेगळ्या मुलखातून येत. मुंबईतून सुटणाऱ्या बोटींवर डेकला कोकण आणि गुजरात किनाऱ्याचे, इंजिनात बरेचदा पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये गोव्याचे. तुमचे पणजोबा टंडेल, म्हणजे डेकवाल्यांचीच गावं बघायची. आगवाल्याच्या नोंदीत पेशावरकडचं गाव दिसलं म्हणून गोंधळू नका. टंडेल हुद्दा इंजिनातही असतो; तुम्ही डेक म्हणता ती घरातली माहिती असेल तर एकदा कागदावर पडताळून घ्या.

स्मारकाच्या नावात चितगाव आहे म्हणून माणूस बंगालचा असा अर्थ काढणारे खूप भेटतात. तसं नाही. समुद्रात गेलेल्या सुमारे 6500 नौसैनिकांची आणि खलाशांची एकच नामावली आहे, तिची एक प्रत मुंबईत आणि एक चितगावात ठेवली आहे. मुंबईची प्रत मस्जिद बंदर पूर्वेला, पी. डिमेलो रोडवरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त जणांचं स्मारकही तिथेच आहे. जाऊन बघायला हरकत नाही, पण संकेतस्थळाहून जास्त माहिती तिथे मिळेल अशी आशा ठेवू नका.

‘रत्नागिरी’ या शब्दाचंही तसंच. 1 मे 1981 पर्यंत सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, त्यामुळे 1942 च्या कागदावरचं रत्नागिरी म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्ले काहीही असू शकतं. श्रीवर्धन-मुरूडकडचा माणूस मात्र ‘जंजिरा’ म्हणून लिहिलेला असेल, कारण ते संस्थान होतं. आणि ‘मुंबई’ लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा गाव नसून खलाशी जिथे उतरायचा त्या खोलीचा पत्ता असतो.

नावं शोधताना अक्षरं सैल धरा. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. इ आणि ए, क्यू आणि के, व्ही आणि डब्ल्यू यांची अदलाबदल करून बघा. बाणकोटच्या शेवटी एक जादा ई, जयगडचं झेडने सुरू होणारं रूप, हे गृहीत धरा. नाव आणि बापाचं नाव उलटेही असतात. वय दिलेलं असतं, त्यावर पाचदहा वर्षांचा फरक सहज धरा.

आता दुसरा टप्पा, आणि खरा माल इथेच आहे: जहाजाचा करारनामा, म्हणजे खलाश्यांची सही किंवा अंगठा घेतलेली यादी. ती ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लंडनमध्ये क्यू इथे आहे. मिळवायला जहाजाचा अधिकृत क्रमांक लागतो. हा क्रमांक जहाजाला आयुष्यभर एकच असतो, नाव बदललं तरी बदलत नाही. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर जहाजाचं नाव टाकलं की फुकट मिळतो. लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या सूचीचे 1930 ते 1945 चे खंड स्कॅन केलेले आहेत, त्यात बांधणीचं वर्ष आणि टनेज ताडून घ्या. क्रमांक हाती आला की बीटी 381 या मालिकेत बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या याद्या तिथे अधिकृत क्रमांकाच्या क्रमाने पेट्यांत लावलेल्या आहेत, एका पेटीत कित्येक जहाजं. तिथे कुणी नातेवाईक असेल तर वाचनकक्षात स्वतःच्या फोनने फोटो काढता येतात. नसेल तर पैसे घेऊन बघून देणारे संशोधक आहेत. त्यांना ‘माझे पणजोबा शोधा’ असं सांगू नका. जहाज, क्रमांक, वर्ष आणि ‘हिंदी खलाश्यांच्या कराराची सगळी पानं’ असं लिहून द्या. नाहीतर ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या यादीचे फोटो पाठवतात आणि तुमचे पैसे जातात. हिंदी खलाश्यांचा करार वेगळ्या फॉर्मवर असे, तो त्याच जुडग्यात मागे असतो.

कधीकधी तो जुडग्यात नसतोच. करार दोन प्रतींत व्हायचा, एक बोटीवर जायची. बोट बुडाली की ती प्रतही गेली. मग जहाज कंपनीने आपल्या वहीवरून बनवलेली नुसती नावांची यादी तिथे लावलेली असते, गावाशिवाय. अशा वेळी त्याच जहाजाचा आधीचा करार मागवा. सारंग बदलला नसेल तर माणसं बरीचशी तीच असतात. शिवाय प्रत्येक नावापुढे ‘याआधीचं जहाज’ असा रकाना असतो; त्यावरून तुमच्या पणजोबांची आधीची बोट आणि तिचा करार मिळतो, आणि तिथे गाव लिहिलेलं असण्याची शक्यता राहते. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपन्यांच्या बोटी असतील तर त्यांचे कागद ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्येही आहेत.

जर्मन पाणबुडीने बुडवलेली बोट असेल तर युबोट डॉट नेट या संकेतस्थळावर जहाजाचं पान आधी उघडा. किती माणसं होती, किती वाचली, कुठल्या बंदरातून कुठे चालली होती, हे एका नजरेत कळतं. उदाहरण म्हणून ‘गेरसोप्पा’ घ्या: ब्रिटिश इंडियाची ही बोट फेब्रुवारी 1941 मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला बुडाली, हिंदी खलाशी तिच्यावर मोठ्या संख्येने होते आणि शेवटी वाचला तो एकटा सेकंड ऑफिसर. काही माणसं छोट्या बोटीत दिवसच्या दिवस तरंगत होती. अशांच्या नोंदीलाही बरेचदा बोट बुडाल्याचीच तारीख असते, म्हणून घरात सांगतात ती तारीख आणि सरकारी तारीख यांत आठपंधरा दिवसांचा फरक असला तर लगेच ‘हा आपला नव्हे’ म्हणू नका. वाचलेल्यांचे जबाब क्यूच्याच एडीएम 199 मालिकेत आहेत. गावासाठी त्यांचा उपयोग नाही, पण बोटीवर काय झालं ते त्यातून कळतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: आपल्या माणसाचं नाव कमिशनच्या यादीत नसेल तर तो युद्धात गेलाच नाही असं समजू नका. व्यापारी बोटीवरचा माणूस यादीत येण्यासाठी मृत्यू युद्धामुळे झालेला असावा लागतो. न्यूमोनियाने किंवा बॉयलरच्या अपघाताने गेलेला खलाशी तिथे नसतो. तो क्यूच्याच बीटी 334 मालिकेत, समुद्रावरच्या मृत्यूंच्या नोंदवहीत शोधायचा. तिथे जन्मस्थान आणि शेवटचा राहता पत्ता असे रकाने आहेत. पकडून जर्मनीत नेलेले खलाशी ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीत होते. आणि माणूस पहिल्या महायुद्धातला असेल तर 1915 च्या याद्या नावानिशी आंतरजालावर फुकट शोधता येतात. ‘पर्शिया’ ही पी अँड ओची बोट 30 डिसेंबर 1915 ला क्रीटजवळ बुडाली, तशा बोटींसाठी तिथून सुरुवात करावी. मात्र 1863 ते 1938 च्या बहुतांश याद्या क्यूला नाहीत, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत.

मुंबईत काय करायचं? बॅलार्ड इस्टेटमधल्या नौ भवनात शिपिंग मास्टरचं कार्यालय आहे. मृत खलाशाचा थकलेला पगार आणि सामान वारसाला या कार्यालयामार्फत मिळायचं. तोंडी विचारलं तर ‘एवढं जुनं नाही’ हेच ऐकायला मिळेल. माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज करा, शुल्क 10 रुपये, आणि अर्जात नाव, बापाचं नाव, हुद्दा, जहाज, तारीख एवढंच थोडक्यात द्या. कागद नसेल तर नाही असं लेखी येऊ द्या. त्याच्या आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. नली, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, पेन्शनचं पत्र, यांतल्या कशावरही गावच्या पोस्टाचा शिक्का सापडू शकतो. मनीऑर्डर गावच्या पत्त्यावर जायची, त्यामुळे पावती मिळाली तर क्यूचा खर्चच वाचला.

डोंगरी, नागपाडा, माझगाव इथे कोकणातल्या बऱ्याच गावांच्या जमातीच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. गावावरून आलेला खलाशी बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा. तुमचं कुटुंब डोंगरीत कुठल्या इमारतीत आलं होतं आणि ती कुठल्या गावची, हे वयस्कर शेजाऱ्यांना विचारा. गोव्याच्या माणसासाठी हीच जागा धोबीतलावच्या बाजूच्या कुडांनी, म्हणजे गोवेकरांच्या गाववार खोल्यांनी, घेतली होती; तिथे गाव कळलं की पुढचं सगळं काम गावच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत.

गावांची यादी दोनतीनवर आली की प्रत्यक्ष गावात जायचं. पणजोबांच्या मृत्यूची नोंद गावात शोधू नका, ते समुद्रात गेले. शोधायच्या त्या त्यांच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी, कारण बायको गावी राहायची. जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात, ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. मुलाचं नाव बरेचदा नसतं, नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव असतं, म्हणून बापाच्या नावाने पानं चाळायची. बरंच लिखाण मोडीत असतं, वाचणारा बरोबर न्या. जमातीचं दफ्तर आणि निकाहाची नोंद उर्दूत. उर्दू शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. त्यात बापाचं पूर्ण नाव आणि कधीकधी आडनावही लिहिलेलं असतं, आणि शाळावाले तहसीलपेक्षा लवकर दाखवतात.

फेरफार मात्र 1942-43 मध्ये शोधू नका. मृत्यूचा दाखला हाती नसलेल्या कुटुंबांना 1872 च्या पुरावा कायद्यातल्या कलम 108 नुसार सात वर्षं थांबावं लागे, म्हणून वारस नोंद 1949-50 च्या पुढे बघा. खोती गावात कुळाचं नाव सातबाऱ्यावर खोती रद्द झाल्यावरच आलेलं असतं, तेव्हा पणजोबांऐवजी थेट पणजीचं नाव लागलेलं सापडेल. ‘मयत’ शब्दापुढे बोटीचा उल्लेख क्वचितच असतो, पण पणजीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि मुलांची नावं जुळली की गाव पक्कं धरायला हरकत नाही.