मालकांना एकच आकडा देऊ नको

बाळा, तुझा रात्रीचा मेसेज दोनदा वाचला. डाय हाउसचं, म्हणजे सूत रंगवायच्या विभागाचं, कॉम्प्युटर मॉडेल प्रत्येक रनला वेगळंच सांगतंय, ऑर्डर कधी तीन दिवसात निघते कधी सहा, मालक म्हणतात मला एक आकडा सांग, म्हणून तू सीड, म्हणजे मॉडेलमधले नशिबाचे आकडे जिथून सुरू होतात तो नंबर, फिक्स करून टाकलंस आणि आता आकडा हलत नाही. चालेल का म्हणून विचारतोस. नाही चालणार. एकच आकडा देऊ नको.

सीड फिक्स करणं चूक नाही. जुनी मशीन ठेवायची की नवी घ्यायची हे ताडून बघताना दोन्हीकडे तेच सीड द्यावं, म्हणजे फरक दिसतो तो मशीनचा, नशिबाचा नाही. पण तेही पन्नास-शंभर सीडवर. तू हलणारी गोष्ट खिळा मारून बसवलीस.

मीही हेच केलंय, म्हणून चिडतोय. सोलापुरातला, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, नाव नको. रजिस्टरमधून डाईंगची सरासरी काढली, लॉटला सहा तास, मॉडेलमध्ये सपाट सहा भरले आणि सांगून मोकळा झालो की डाईंगला जागा आहे, लूम वाढवा. लूम आले, आणि रंगलेल्या सुताची वाट बघत उभे राहिले. मग मी खाली जाऊन थांबलो. डाईंग मास्तरांनी ओली लडी खिडकीच्या उजेडात धरली, सँपल शेजारी लावलं, मान हलवली, लॉट परत कॅबिनेटमध्ये, म्हणजे रंगाच्या मशीनमध्ये. शेड जुळली तर साडेचार तास, नाही जुळली तर दहा-अकरा, आणि चारातला एक लॉट तरी परत जायचाच. सहा तासांचा लॉट मला एकही दिसला नाही रे! मला चारच दिवस दिले होते, रजिस्टर त्यांचंच होतं, बेरीजही बरोबर होती. तरी त्या खिडकीपाशी अर्धा दिवस उभं राहता आलं असतं, मी राहिलो नाही.

साधी रांग घे, एक मशीन, लॉट कधीही येतात, वेळ कितीही लागतो. मशीन 80 टक्के बिझी असेल तर लॉट रांग आणि काम धरून सरासरी कामाच्या वेळेच्या 5 पट अडकतो, 90 टक्क्यांना 10 पट, 95 ला 20 पट. "अजून थोडी जागा आहे" म्हणणारा माणूस इथेच फसतो. आणि जानेवारी वेगळा काढ, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, भरला की हजेरीचं काय होतं ते तुला मी सांगायला नको, वर्षाच्या सरासरीत ते दिसतच नाही. मॉडेल रिकाम्या कारखान्यापासून सुरू होतं, ते सुरुवातीचे दिवसही हिशेबातून काढून टाक.

मालकांना असं सांग, शंभर वेळा चालवलं, समजा नव्वद वेळा ऑर्डर पाच दिवसात निघाली, दहा वेळा नाही निघाली, आता पार्टीला पाच कबूल करायचे का सात ते तुम्ही ठरवा. ठरवायचं काम त्यांचं आहे, तू एक आकडा दिलास की ते त्यांच्याकडून काढून घेतोस आणि त्यांना कळतही नाही.

उद्या सीड काढ, स्टॉपवॉच घेऊन पहिल्या शिफ्टला मास्तरांपाशी जा. मालक चिडले तर मला फोन लावून दे, मी बोलतो.