प्लेयर घरी आणि गाडीत जोडताना

भाऊ, खिशातला गाण्यांचा प्लेयर जोडायला महागडी वायर घेऊ नको. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना असलेली साधी वायर घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला पुरते. लाल उजवी, पांढरी डावी. या दोन पिना ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’ लिहिलेल्या, बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जागेतच लाव. ‘फोनो’ ही जागा तबकड्यांच्या प्लेयरची. तिथे आवाज फाटतो.

आवाजाचं गणितही समजून घे. प्लेयरचा आवाज ७५ ते ८० टक्क्यांवर ठेव आणि कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवरूनच कर. प्लेयर हळू ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चढवलास, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते.

गाडीत ऑक्स असेल तर दोन्ही टोकांना ३.५ची पिन असलेली वायर बस्स. चार्जर लावल्यावर इंजिनासोबत चढणारा सूं आवाज आला, तर आधी चार्जर काढून बघ. तेवढ्याने थांबला, तर दोष चार्जर आणि ऑक्सची वायर मिळून होणाऱ्या अर्थिंगच्या फेऱ्याचा; ऑक्सच्या वायरीत मध्ये तो फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लाव. माझे दोन महिने स्पीकर बदलण्यात गेले, म्हणून सांगतो. प्लेयरचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर अगदी शेवटचा पर्याय. जळगावात मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी धुळ्यापर्यंत मोकळी राहीलच असं नाही.

आणि मे महिन्यात, भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, प्लेयर बंद गाडीत विसरू नको. बॅटरी फुगू शकते.