जर्मन सोडू नका, इंग्रजीला कामाला लावा

तुमचा प्रश्न मी असा समजले: नोकरीसाठी इंग्रजी सुधारायला हवं, बोलण्यातलं आणि लिहिण्यातलंही. पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की कंटाळा येतो आणि जर्मनचं उघडलं की दोन तास कुठे गेले कळत नाही. स्पॅनिशही थोडी झाली आहे, जपानी खुणावते आहे, आणि घरचे म्हणतात हे नाद आता पुरे. तर सोडायचे का?

नका सोडू. मात्र जर्मन शिकता शिकता इंग्रजी आपोआप सुधारेल या भरवशावरही राहू नका. मी मराठी माध्यमात शिकले, पुढे जर्मन आणि फ्रेंचच्या मागे लागले, आता अनुवाद करते. पहिली दोन वर्षं मी वहीत प्रत्येक जर्मन शब्दापुढे मराठी अर्थ लिहायची. जर्मन पुढे गेली, इंग्रजी होतं तिथेच राहिलं. तिसऱ्या वर्षी व्याकरणाचं पुस्तक इंग्रजीतलं घेतलं, शब्दकोश जर्मन-इंग्रजी घेतला, टिपणंही इंग्रजीत काढायला लागले. ओढ जर्मनची होती, पण तिथे पोचायला रोज इंग्रजीतूनच जावं लागायचं. माझं इंग्रजी सुधारलं ते या येण्याजाण्यात.

यात नेमकं काय घडतं ते एका वाक्यावर दाखवते. 'मी तीन वर्षांपासून इथे राहते.' आपल्यापैकी कितीतरी जण याचं इंग्रजी 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' असं करतात. मीही करायची, आणि ते चूक आहे असं शाळेपासून ऐकूनही करायची. मग जर्मन वाक्य भेटलं: 'इश वोने झाइट द्राय यारेन हीर'. शब्दशः बघितलं तर 'मी राहते तीन वर्षांपासून इथे', अगदी मराठीसारखा साधा वर्तमानकाळ. फ्रेंचमध्येही तसंच. म्हणजे मराठी, जर्मन, फ्रेंच तिघी एका बाजूला आणि इंग्रजी एकटं दुसऱ्या बाजूला. भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत चाललेली गोष्ट इंग्रजीला साध्या वर्तमानात मावत नाही, तिला 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. शिवाय आपल्या एका 'पासून'चे ते दोन तुकडे करतं: कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. जर्मन माणसंही इंग्रजी बोलताना नेमकी हीच चूक करतात, हे कळलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. दोन भाषा शेजारी ठेवल्यावर नियम पाठ करावा लागला नाही, तो दिसला.

'अ' आणि 'द'चंही असंच. आपल्या गोष्टी 'एक राजा होता' अशा सुरू होतात आणि पुढच्या वाक्यात 'एक' गळून नुसता 'राजा' उरतो. तो पहिला 'एक' म्हणजे इंग्रजीतला 'अ', आणि तो गळतो तिथे इंग्रजी 'द' लावतं. सगळीकडे हे चालत नाही, पण निम्मी वाट यानेच सरते. उरलेली जर्मन-फ्रेंचच्या तुलनेत कळते. 'आयुष्य अवघड आहे' म्हणताना जर्मन 'दास लेबेन' म्हणते, फ्रेंच 'ला व्ही', दोन्हींकडे उपपद आहे. इंग्रजीत मात्र नुसतं 'लाइफ'.

स्पॅनिशचा फायदा शब्दांत आहे. 'एस्पेरार' हे क्रियापद घ्या. वाट पाहणं, आशा करणं, अपेक्षा ठेवणं, तिन्हींना स्पॅनिशमध्ये हा एकच शब्द. त्याचं इंग्रजी करताना 'वेट', 'होप' की 'एक्स्पेक्ट' हे दर वेळी ठरवावं लागतं, आणि ठरवता ठरवता 'होप' आणि 'एक्स्पेक्ट' यांतलं अंतर मनात पक्कं होतं. कामाच्या पत्रात 'आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय' लिहिलं तर ते हुकूम सोडल्यासारखं वाचलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात असते फक्त आशा.

दुसरं, इंग्रजी शब्दसंग्रहाला दोन मजले आहेत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, आणि पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द उचलले. म्हणून सूर्य 'सन' पण सौर 'सोलर', चंद्र 'मून' पण चांद्र 'ल्युनर', हात 'हँड' पण हाताने केलेलं 'मॅन्युअल'. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, मराठीतही हात आणि हस्ताक्षर, दात आणि दंतवैद्य अशी जोडी आहेच. आपला वरचा मजला संस्कृतचा, त्यांचा लॅटिनचा. स्पॅनिशमध्ये सूर्य 'सोल', चंद्र 'लुना', हात 'मानो'. म्हणजे स्पॅनिशचे अगदी पहिल्या धड्यातले शब्द तुम्हाला इंग्रजीतले भारदस्त शब्द उलगडून देतात. तळमजला जर्मन सांभाळते: 'हांट', 'झोने', 'मोंट'. तुमच्याकडे दोन्ही भाषा आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे.

तोटेही सांगते. स्पेलिंग बिघडतं. इंग्रजी 'अ‍ॅड्रेस'मध्ये डी दोनदा येतो, जर्मन-फ्रेंचमध्ये एकदाच. मी वर्षभर इंग्रजी पत्रांत एकच डी लिहीत होते. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे शब्दही फसवतात. जर्मन 'आक्टुएल' म्हणजे सध्याचं, इंग्रजी 'अ‍ॅक्चुअल' म्हणजे प्रत्यक्षातलं. अशा जोड्यांची वेगळी यादी ठेवा.

आणि उच्चारांत या भाषा तुम्हाला फारशी मदत करणार नाहीत. स्पॅनिश जवळपास लिहिली तशी वाचायची, मराठीसारखीच, त्यामुळे प्रत्येक स्वर पूर्ण म्हणायची आपली सवय आणखी घट्ट होते. इंग्रजीत जोर शब्दातल्या एका अक्षरावर पडतो आणि बाकीचे स्वर पुसट होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर आहे, 'फटॉग्रफर' म्हणताना तो 'टॉ'वर सरकतो आणि 'फो'चा 'फ' होऊन जातो. यासाठी रोज पंधरा मिनिटं इंग्रजीलाच द्या: ध्वनिमुद्रित बोलणं लावायचं आणि अर्धा शब्द मागे राहून त्याच चालीत मोठ्याने म्हणत जायचं.

लेखनासाठी मी आजही एकच जुनी रीत वापरते, दुहेरी भाषांतर. पुढे राणी झालेल्या पहिल्या एलिझाबेथचे शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम सोळाव्या शतकात लॅटिन असं शिकवायचे: लॅटिन उतारा इंग्रजीत करायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग आपल्या इंग्रजीवरून पुन्हा लॅटिनमध्ये न्यायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. तुम्ही ते उलट करा. मूळ उतारा चांगल्या इंग्रजीतला घ्या, आठ-दहा ओळींचा. त्याचं जर्मन करा, दोन दिवस कागद बाजूला ठेवा, मग जर्मनवरून परत इंग्रजी लिहा आणि मुळाशेजारी ठेवा. कुठे उपपद सुटलं, कुठे काळ चुकला, कुठे मूळ लेखकाने चार शब्दांत म्हटलेलं तुम्ही नऊ शब्दांत म्हटलं, सगळं लाल शाईशिवाय कळतं. आठवड्यातून एकदा केलं तरी पुरतं.

बोलण्यासाठी जर्मन किंवा स्पॅनिश बोलणारा, पण स्वतःही इंग्रजी शिकणारा जोडीदार शोधा. दोघांमध्ये इंग्रजी हाच पूल असतो आणि दोघेही चुकत असतात, त्यामुळे जीभ लवकर मोकळी होते. फक्त चुका त्याच्याकडून दुरुस्त होणार नाहीत. महिन्यातून एक-दोनदा इंग्रजी उत्तम असलेल्या कुणाला तरी ऐकवाच.

एक अट आहे. इंग्रजीतलं व्याकरणाचं पुस्तक वाचताना दर ओळीला शब्दकोश उघडावा लागत असेल, तर ही वाट अजून तुमच्यासाठी नाही. युरोपीय भाषापातळ्यांच्या हिशेबात इंग्रजी साधारण बी-1, म्हणजे मधल्या पातळीचं, असलं तर ती सुखाची होते. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही तिथे आहात असं वाटतं.

जपानीबद्दल: ती मराठी माणसाला वाक्यरचनेत सोपी जाते, क्रियापद शेवटी येतं, 'वाताशी नो होन' म्हणजे सरळ 'मी-चं पुस्तक'. पण त्याच कारणाने इंग्रजीला तिच्याकडून फारसं मिळत नाही. नोकरीची घाई आहे तोवर जर्मन पुढे न्या, जपानी वर्षभर थांबेल. हिरागाना या जपानी लिपीची मूळ 46 अक्षरं मात्र आताच गिरवायला घ्या. रोज पाच काढलीत तर दहा दिवसांत संपतील, आणि त्यात इंग्रजीच्या वेळातलं काही जात नाही.