स्कॉटलंडमधील वेगमर्यादेची नोटीस: चालक म्हणून कोणाचे नाव लिहावे?

प्रश्न: आम्ही पतिपत्नी भाड्याची गाडी घेऊन दहा दिवस स्कॉटलंडचा ग्रामीण भाग आणि तेथील किल्ले पाहून आलो. भाडेकरार माझ्या नावावर होता आणि जादा आकार पडतो म्हणून पत्नीचे नाव चालक म्हणून घातले नव्हते. अर्कर्ट किल्ला पाहून आयलन डोनन किल्ल्याकडे जाताना मात्र गाडी तीच चालवत होती. आता दोन महिन्यांनी मला नोटीस आली आहे: ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग ३९ मैल होता; त्या वेळी चालक कोण होता हे सोबतच्या फॉर्मवर लिहून कळवा. एक नातेवाईक म्हणतात, स्वतःचे नाव लिहून दंड भरून मोकळे व्हा. दुसरे म्हणतात, उत्तरच देऊ नका. आम्ही काय करावे?

उत्तर: आपल्या सविस्तर पत्रातील एका तपशिलावर मी आधी बोट ठेवतो. किल्ल्यातून निघाल्यावर डाव्या खिडकीतून आपण लॉख नेस सरोवराची छायाचित्रे काढत होता आणि त्यांपैकी एकावर दुपारी ४ वाजून १२ मिनिटे ही वेळ आहे. नोटिशीतील वेळ ४ वाजून ११ मिनिटे आहे. आपल्याकडच्याप्रमाणेच तेथेही चालक उजवीकडे बसतो. म्हणजे त्या क्षणी गाडी आपण चालवत नव्हता हे आपल्याला केवळ आठवते असे नाही, त्याचा पुरावा आपल्याच फोनमध्ये आहे. हे ठाऊक असताना चालक म्हणून स्वतःचे नाव लिहिणे म्हणजे पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणे होय.

पत्नीला त्रास होऊ नये ही आपली भावना मी समजू शकतो, पण हा मार्ग तिला वाचवत नाही, उलट दोघांनाही गोवतो. ब्रिटनचे माजी मंत्री क्रिस ह्यून यांचे २००३ मधील वेगमर्यादा उल्लंघन त्यांच्या तत्कालीन पत्नी विकी प्राइस यांनी स्वतःच्या नावावर घेतले होते; दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, न्यायदानात अडथळा आणल्याबद्दल दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. तो खटला इंग्लंडमधील होता. स्कॉटलंडचा फौजदारी कायदा वेगळा असला तरी तेथेही असे वर्तन गंभीर गुन्हाच आहे. वेगाचा मूळ अपराध मात्र अनेकदा १०० पौंड दंड आणि ३ पेनल्टी पॉइंट्स (चालकाच्या नोंदीवर चढणारे दोषांक) यांवर मिटतो.

दुसऱ्या नातेवाइकांचा सल्लाही मला मान्य नाही. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १७२ नुसार, चालक कोण होता हे २८ दिवसांत कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. उत्तर न देणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी १,००० पौंडांपर्यंत दंड आणि ६ पॉइंट्स होऊ शकतात, म्हणजे मूळ चुकीपेक्षा मौनच महाग पडते. नोटीस १४ दिवसांत यायला हवी होती, म्हणून ती रद्दबातल आहे, असे आपल्याला कोणी सांगितल्याचे आपण लिहिता. ही मुदत नोंदणीकृत धारकाला पाठवायच्या पहिल्या नोटिशीला लागू असते. भाड्याच्या गाडीचा धारक सहसा ती कंपनी, किंवा कंपनीला गाडी पुरवणारी दुसरी संस्था असते. तिच्याकडून आपले नाव कळल्यानंतर आपल्याला आलेले पत्र केवळ उशिरा आले म्हणून बाद ठरत नाही.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क तेथे मिळेल का, असे आपण विचारता. नेमका हाच प्रश्न ब्राऊन विरुद्ध स्टॉट या स्कॉटिश प्रकरणात उपस्थित झाला होता. चालकाचे नाव सांगण्याची ही सक्ती न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग करत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटनमधील एका सर्वोच्च अपील मंडळाने, २००० मध्ये दिला. त्यामुळे हा बचाव उपयोगाचा नाही.

खरी काळजी मला वेगाची नव्हे, विम्याची वाटते, आणि त्याचा उल्लेख आपल्या पत्रात ओझरताच आहे. कराराबाहेरच्या व्यक्तीने गाडी चालवणे हा करारभंग आहे. पण त्या व्यक्तीला विम्याचे संरक्षण नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम १४३ खाली तो गुन्हाही ठरतो. त्यासाठीचा ठरावीक दंड ३०० पौंड आणि ६ पॉइंट्स इतका आहे, प्रकरण न्यायालयात गेल्यास शिक्षा वाढू शकते, आणि गाडी चालवू देणाराही, म्हणजे आपणही, जबाबदार धरला जाऊ शकतो. मात्र करारभंग झाला म्हणून विमा नव्हताच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. विम्याच्या प्रमाणपत्रात कोणाकोणाला संरक्षण दिले आहे, याचा मजकूर भाडेकराराच्या अटींपेक्षा वेगळा असू शकतो. म्हणून करार आणि विम्याचे प्रमाणपत्र या दोन्हींच्या प्रती मिळवून, फॉर्म पाठवण्यापूर्वी, त्या रस्ते वाहतुकीची प्रकरणे हाताळणाऱ्या स्कॉटिश सॉलिसिटरला, म्हणजे तेथील वकिलाला, दाखवा. मी तेथे वकिली करत नाही, आणि या एका मुद्द्यावर तेथील वकिलाचे शुल्क वाचवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अपघात झाला नाही, कोणाला इजा झाली नाही, हे मोठे सुदैव. तसे काही घडले असते तर नुकसानभरपाईचा बोजा कदाचित आपल्यावरच येऊन पडला असता.

गाडीच्या कंपनीने आपल्या कार्डावरून वळते केलेले पैसे हा दंड नव्हे. आपले नाव व पत्ता पोलिसांना कळवण्याचे ते प्रशासकीय शुल्क आहे. ते करारात नमूद असेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आणि ते भरल्याने नोटीस निकालीही निघत नाही.

उत्तर देताना फॉर्ममध्ये विचारले आहे तेवढेच लिहा: पत्नीचे पूर्ण नाव, पत्ता आणि मागितले असल्यास परवान्याचा तपशील. भारतीय परवान्यावर पर्यटकाला तेथे १२ महिने गाडी चालवता येते, त्यामुळे तिचा परवाना वैध असेल तर त्या बाजूने चिंता नाही. कोणी कोणाला का चालवायला दिली, करारात नाव का घातले नाही, याची कहाणी सोबत जोडू नका. तो भाग सॉलिसिटरच्या सल्ल्यानेच हाताळावा. भरलेल्या फॉर्मची प्रत व पाठवल्याची पावती जपून ठेवा आणि ती छायाचित्रे फोनमधून पुसू नका.

यानंतर पत्नीच्या नावाने स्वतंत्र नोटीस येईल. तिला तिनेच, स्वतःच्या सहीने आणि मुदतीत उत्तर द्यायचे आहे. तिच्या वतीने आपण सही करू नये. तिच्या वाट्याला पॉइंट्स आले, तर तिच्या भारतीय परवान्यावर शिक्का बसत नाही, पण ब्रिटनमध्ये तिच्या नावाने नोंद उघडली जाऊ शकते. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात वाहन चालवण्याच्या गुन्ह्यांबद्दल झालेल्या दंडांचीही विचारणा असते. त्यामुळे या प्रकरणाचा जो काही शेवट होईल त्याची कागदपत्रे तिच्या पासपोर्टसोबत ठेवा आणि पुढच्या अर्जात तीच माहिती जशीच्या तशी भरा.